शब्दचर्चा : ‘मतं खाणे’

प्रश्न : अमेरिकेच्या निवडणुकीवरच्या मराठी लेखांत ‘नेडरने गोर यांची मतं खाल्ली’ अशी वाक्यं सर्रास दिसतात. दोन मोठ्या पक्षांपैकी एकाची मतं फोडून निकाल फिरवणाऱ्या तिसऱ्या पक्षाच्या उमेदवाराला तिकडे ‘स्पॉइलर’ म्हणतात. त्याला ‘मतं खाणारा’ म्हटलं तर चालेल का?

प्रतिसाद : बोलण्यात चालतं, पण लेखात मला खटकतं. पैसे खाणे, लाच खाणे, तसंच हे. दुसऱ्याच्या हक्काचं कुणीतरी लाटलं, असा अर्थ निघतो. मत हे कुठल्याही पक्षाच्या मालकीचं नसतं. २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडा राज्यात रिपब्लिकन बुश डेमोक्रॅट अल गोर यांच्यापेक्षा ५३७ मतांनी पुढे राहून जिंकले आणि ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडर यांना तिथे ९७ हजारांवर मतं पडली होती. ‘खाल्ली’ म्हटलं की खापर नेडर यांच्यावर फुटतं आणि मोजणीची पद्धत नामानिराळी राहते. मेन आणि नेब्रास्का ही राज्यं सोडली तर राज्यात जो पुढे, त्याला तिथली सगळी इलेक्टोरल मतं, म्हणजे अध्यक्ष ठरवणारी त्या राज्याच्या वाट्याची मतं! १९९२ मध्ये अध्यक्षपदाचे अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांना देशभरात जवळजवळ १९ टक्के मतं मिळाली, इलेक्टोरल मत एकही नाही. एवढ्या लोकांचं म्हणणं मोजदादीत कुठेच उरलं नाही. म्हणून तिथे आणखी पक्ष हवेत आणि त्यांना हिणवणारा शब्द आपण तरी वापरू नये. रिपब्लिकन पक्षही १८५४ साली गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करत नव्यानेच उभा राहिला होता. १८६० च्या चौरंगी लढतीत त्याच पक्षाचे लिंकन सुमारे ४० टक्के मतांवर अध्यक्ष झाले.

‘मतविभागणी’ लिहा.

प्रश्न : ते घटनेला झालं. उमेदवाराला काय म्हणायचं?

प्रतिसाद : ‘तिसऱ्या पक्षाचा उमेदवार’ पुरेसं आहे. यावर काही राज्यांनी काढलेल्या तोडग्याला मात्र आपल्याकडे तयार शब्द आहे, ‘पसंतीक्रम’. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात आपण नावापुढे १, २, ३ लिहितो, तेच. २०१८ मध्ये मेनच्या दुसऱ्या काँग्रेस (अमेरिकी संसद) मतदारसंघात पहिल्या पसंतीत रिपब्लिकन उमेदवार थोडा पुढे होता, पण निम्म्याच्या वर कुणीच नव्हतं. मागे पडलेल्या दोन अपक्षांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली आणि डेमोक्रॅट जॅरेड गोल्डन निवडून आले. अशा बातमीत ‘पुढच्या पसंतीच्या मतांवर विजयी’ असं सरळ लिहिता येतं.