मोसमभर खेळलेली आठवायची की एका रात्रीत चमकलेली?

स्कोअरवही (नौपाडा, ठाणे)

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी क्रिकेटचा वनडे वर्ल्ड कप जिंकला त्याला आता दीड महिना होत आला. आनंदावर विरजण घालायला हा धागा काढलेला नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला, फायनलच्या दिवशी, मी तिथेच होतो. घरी पोहोचायला रात्रीचे अडीच वाजले आणि त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. पण तेव्हापासून एक गोष्ट मनात सलते आहे, ती इथे मांडतो.

मी सामन्याला जाताना वही घेऊन जातो. साधी, शाळकरी, दुरेघी वही. प्रत्येक चेंडू नाही टिपत, पण भागीदाऱ्या, बळी आणि त्या वेळी जे वाटलं ते दोन शब्दांत लिहितो. तिच्यात २३ ऑक्टोबरचं पान आहे. भाऊबीज होती. सानपाड्याला बहिणीकडे ओवाळून घेतलं, जेवलो आणि कपाळावरचं कुंकू तसंच घेऊन स्टेडियम गाठलं. समोर न्यूझीलंड. त्याआधी आपण दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड असे तीन सामने ओळीने हरलो होतो. त्या दिवशी स्मृती मानधनाने १०९ केल्या, प्रतिका रावलने १२२, आणि सलामीला २१२ धावांची भागी झाली. प्रतिकाच्या नावापुढे मी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलंय, "घाई नाही". आख्ख्या संघावर दडपण असताना ही मुलगी चांगला चेंडू सोडून देत होती, एकेक धाव पळून काढत होती. त्या विजयाने आपण उपांत्य फेरीत गेलो.

तीन दिवसांनी त्याच मैदानावर, बांगलादेशविरुद्ध चेंडू अडवताना तिचा पाय मुरगळला. स्पर्धेत ३०८ धावा काढून ती बाहेर. तिच्या जागी शफाली वर्मा आली. ती मूळ संघात नव्हती आणि राखीव यादीतही नव्हती. उपांत्य सामन्यात तिने १० केल्या. फायनलला ८७ आणि दोन बळी, सामनावीर. कप उचलला तेव्हा प्रतिका व्हीलचेअरवर होती. पदकं पंधरा जणींनाच मिळतात आणि बदली खेळाडू आल्यामुळे तिचं नाव पंधरातून गेलं होतं, म्हणून त्या रात्री तिच्या गळ्यात पदकही नव्हतं. ते नंतर मिळालं.

माझं म्हणणं एवढंच आहे की खेळाडू मोसमाने मोजावा. जाहिरातवाले आणि चॅनेलवाले रात्रीच्या मागे जाणारच, त्यांचं पोट त्यावर आहे. चाहत्याने तसं करू नये. मुंबईच्या क्रिकेटवर वाढलेल्याला हे कळायला हवं. पद्माकर शिवलकर ५८९ प्रथम श्रेणी बळी घेऊन एकही कसोटी न खेळता गेले. आणि याच संघाचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार! अकरा हजारांहून जास्त प्रथम श्रेणी धावा, रणजी जिंकणारा कर्णधार, पण भारताची टोपी कधी डोक्यावर चढली नाही. १९८८ मध्ये सचिन आणि कांबळी ६६४ ची भागीदारी करत होते तेव्हा पुढच्या फलंदाजीला पॅड बांधून बसलेला मुलगा तो हाच. एक रात्र कधी त्याच्या वाट्याला आली नाही, नुसते मोसम आले. तुम्हाला काय वाटतं?

जुईनगरवाली

पूर्ण असहमत, आणि जरा रागावून लिहिते आहे.

शफालीला तुम्ही "एका रात्रीची" कसं म्हणता? २०१९ मध्ये पंधराव्या वर्षी ती भारताकडून खेळली. २०२३ चा एकोणीस वर्षांखालच्या मुलींचा पहिला वर्ल्ड कप तिच्या नेतृत्वाखाली आपण जिंकलो. २०२४ च्या जूनमध्ये चेन्नईला कसोटीत २०५ केल्या, महिला कसोटीतलं सगळ्यात वेगवान द्विशतक. त्यानंतर वनडे संघातून काढलं. वर्षभर ती बाहेर होती. बोलावणं आलं तेव्हा ती सुरतेत हरियाणाकडून देशांतर्गत टी-ट्वेंटी खेळत होती. टीव्ही नाही, गर्दी नाही. तो मोसम नव्हता का? तुमच्या वहीत तो नाही, कारण तुम्ही सुरतेला गेला नव्हता.

आणि फायनलचा डाव म्हणजे काय गंमत वाटते का? २००५ ला सेंच्युरियनला हरलो. २०१७ ला लॉर्ड्सवर नऊ धावांनी हरलो, त्या रात्री मी किती रडले ते माझ्या आईला विचारा. मोसमभर छान खेळून शेवटच्या दिवशी हात थरथरणं आपण पुष्कळ पाहिलं. ज्या मुलीचे हात थरथरले नाहीत तिला मी आधी मान देणार. ती गोलंदाजीला आली, पहिल्याच षटकात दक्षिण आफ्रिकेची सुने लूस गेली, पुढच्या षटकात मारिझान काप. स्टँडमध्ये माझ्या पुढे बसलेल्या आजोबांनी मागे वळून माझा हात घट्ट धरला. ओळख ना पाळख. पाच मिनिटं सोडलाच नाही.

घणसोलीकर

स्कोअरवही यांच्याशी सहमत. नियम असेल पंधराचा, पण ३०८ धावा करणाऱ्या मुलीला त्या रात्री पदक नाही हे बघवलं नाही.

कळव्याचे कोच

मी संध्याकाळी मुलांना क्रिकेट शिकवतो. मैदान लहान आहे, सिमेंटची एक पट्टी आणि फाटकं नेट. दिवाळीपर्यंत माझ्याकडे तीन मुली होत्या, आता अकरा आहेत. यातली एकही प्रतिकाचं नाव सांगत नाही. कर्णधार हरमनप्रीतचा फायनलमधला शेवटचा झेल, जेमिमा रॉड्रिग्ज आणि शफाली, एवढंच त्यांना माहीत. तेव्हा धागाकर्त्यांनी चमकण्याला इतकं कमी लेखू नये. चमक नसती तर या आठ जणींचे आईबाप मैदानापर्यंत आलेच नसते.

पण दुसरी बाजूही सांगतो, कारण मी रोज बघतो. त्या येतात आणि पहिल्याच दिवशी त्यांना उंच फटका मारायचा असतो. मी त्यांना दहा चेंडू नुसते सोडायला लावतो. ऑफ स्टंपच्या बाहेरचा चेंडू, डावा पाय पुढे, बॅट अंगाजवळ आणि चेंडू जाऊ द्यायचा. कंटाळतात. चौथ्या दिवशी एक मुलगी म्हणाली, "सर, हे कोण करतं?" त्या दिवशी मी मोबाईलवर त्यांना २३ तारखेचा प्रतिकाचा डाव दाखवला. सगळ्या एकावर एक वाकून बघत होत्या. म्हणजे रात्रीने त्यांना आणलं, आता टिकवायला मला मोसमच शिकवायला लागणार. मी कोणाच्या बाजूने ते तुम्हीच ठरवा.

पामबीच रोड

तुम्ही दोघं एक गोष्ट विसरताय. आपण या मुलींना खेळाडू राहू देत नाही, सेलिब्रिटी करतो, आणि मग सेलिब्रिटीला जसं फाडतात तसं फाडतो. जेमिमा गिटार वाजवते, रील करते, म्हणून तिला किती बोलले लोक! इंदूरला इंग्लंडविरुद्ध संघाबाहेर बसवलं तेव्हा "आता रील कर" असं लिहिणारे आपलेच होते. अकरा दिवसांनी तिने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ केल्या, ३३९ चं लक्ष्य गाठून दिलं, आणि मग सगळ्यांसमोर रडत सांगितलं की स्पर्धेत ती रोज चिंतेने पोखरली जात होती. त्यानंतर तीच गिटार सगळ्यांना गोड वाटायला लागली. आणि स्मृती! स्पर्धेत ४३४ धावा, त्यावर चार वाक्यं कोणी बोललं नाही. नोव्हेंबरच्या अखेरीला तिच्या घरच्या गोष्टींवर मात्र घराघरात चर्चा. शेवटी तिला स्वतःहून विनंती करावी लागली की आमचं खासगीपण जपा. मला याची लाज वाटली. मोसम आणि रात्र हा वाद नंतरचा, आधी मैदानाबाहेरची दारं ठोठावणं बंद करा.

स्कोअरवही

जुईनगरवाली, तुमचं २०५ आणि सुरत दोन्ही मान्य. शफालीबद्दल "एका रात्रीत चमकलेली" हे मी चुकीचं लिहिलं. शीर्षक बदलता येत नाही, नाहीतर बदललं असतं.

तरी मुद्दा सोडत नाही. २६ तारखेला प्रतिका पडली तेव्हा मी स्टँडमध्ये होतो. पावसाचा दिवस, सामना रेंगाळलेला. तिला धरून बाहेर नेत होते आणि आजूबाजूचे निम्मे लोक मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेले. तीन दिवसांपूर्वी याच लोकांनी तिच्या शतकावर खुर्च्या बडवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी लोकल गाडीत चर्चा फक्त "आता सलामीला कोण" एवढीच. चाहत्याने एक दिवस तरी थांबावं की नाही?

आणि मोसम आणि रात्र दोन्ही जिच्याकडे आहेत तिचं नाव अजून कोणी घेतलं नाही. दीप्ती शर्मा. स्पर्धेत २२ बळी आणि २१५ धावा, फायनलला ५८ आणि पाच बळी. स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू. तिचा फोटो तुमच्या ऐरोली-वाशीतल्या किती फलकांवर दिसला? मला एकही दिसला नाही.

मातीतला रेडर (वर्तकनगर)

मी कबड्डीचा माणूस, क्रिकेट बेताचंच कळतं. पण वाचून राहवलं नाही.

तुम्ही मोसमाचं एवढं कौतुक करता, पण मोसम नोंदवतो कोण? अनुप कुमार २०१० च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकून आला तेव्हा त्याला रस्त्यात कोण ओळखत होतं? २०१४ ला प्रो कबड्डी आली, दिवे आले, टीव्ही आला, यू मुंबा संघाची भगवी जर्सी आली, तेव्हा माझ्या चाळीतल्या पोरांना त्याचा बोनस कळला. खेळ तोच, माणूस तोच. प्रसिद्धी आली म्हणून त्याच्या आधीच्या मोसमांनाही किंमत आली. आम्ही मातीवर खेळलो, गुडघे फोडून घेतले, आमचे मोसम कोणाच्याच वहीत नाहीत. कोणी लिहिलेच नाहीत. म्हणून मला दिवे हवेत. ज्यांच्यावर ते पडले त्यांच्याबद्दल माझ्या मनात तीळभरही राग नाही.

जुईनगरवाली

रेडरदादा, हेच मला म्हणायचं होतं आणि जमलं नाही.

स्कोअरवही काका, एक प्रश्न विचारते, राग मानू नका. तुमच्या वह्या किती वर्षांच्या? आणि त्यात मुलींच्या क्रिकेटचं पहिलं पान कोणत्या तारखेचं आहे?

घणसोलीकर

हा प्रश्न मलाही विचारला तर अवघड जाईल.

स्कोअरवही

उत्तर द्यायला दोन दिवस लागले, कारण माळ्यावरून सगळ्या वह्या काढल्या.

पहिली वही १९८७ ची. तेव्हापासून रणजी, कांगा लीग, वानखेडेवरच्या कसोटी, सगळं आहे. मुलींचं पहिलं पान ११ डिसेंबर २०२२ चं. डी. वाय. पाटील, ऑस्ट्रेलियाविरुद्ध टी-ट्वेंटी. प्रवेश फुकट होता. मी जाणारच नव्हतो. भाचीला स्मृतीला बघायचं होतं, तिच्या हट्टापायी तुर्भ्याहून जुईनगरकडे वळणारी गाडी पकडली. १८७ वर बरोबरी, मग सुपर ओव्हर आणि आपण जिंकलो. स्मृतीच्या ७९ लिहिल्या आहेत आणि खाली भाचीने माझ्या हातातून पेन घेऊन तिचं नाव मोठ्या अक्षरात गिरवलं आहे.

म्हणजे मला तिथे नेलं ते स्मृतीच्या नावाने. पुढच्या वर्षी त्याच मैदानावर इंग्लंडला कसोटीत ३४७ धावांनी हरवलं, त्याचं पान आहे, दीप्तीचे सामन्यात नऊ बळी. पण १९८७ ते २०२२ या पस्तीस वर्षांत डायना एडलजी, मिताली राज, झुलन गोस्वामी या आधीच्या खेळाडूंपैकी कोणाचंही एक पानसुद्धा नाही. त्या रात्री या मुलींनी कप नेऊन मिताली, झुलन आणि अंजुम चोप्राच्या हातात दिला तेव्हा मी टाळ्या वाजवत होतो. टाळ्या वाजवायचा हक्क मला किती होता ते वह्या उघडल्यावर कळलं.

मोसमाचं म्हणणं अजूनही माझं तेच आहे. पण ते मी इतक्या जोरात सांगायला नको होतं.

जुईनगरवाली

काका, हे लिहिलंत म्हणून तुमच्याबद्दल आदर वाढला. तरी मी शफालीच्याच बाजूने.

९ जानेवारीला डब्ल्यूपीएल (मुलींची प्रीमियर लीग) इथेच सुरू होतंय. भाचीला घेऊन या. कोचसाहेब, तुमच्या अकरा मुलींनाही आणा, जुईनगर स्टेशनवर मी भेटते, तिथून स्टेडियमपर्यंत चालतच जाऊ.

कळव्याचे कोच

कालपासून बारा झाल्यात. आणतो. वही मात्र नक्की आणा, त्यांना ते "घाई नाही" असं लिहिलेलं पान दाखवायचंय.