शब्दचर्चा : नोकरी लागते, मग जॉबचं काय?

सांगली, गावभाग

परवा भाच्याच्या लग्नाची बोलणी आमच्या घरी झाली. मुलीच्या वडिलांनी विचारलं, ‘पोरगा काय करतो?’ बहीण म्हणाली, ‘एमआयडीसीत जॉबला आहे.’ त्यावर ते म्हणाले, ‘जॉब होय. मग नोकरी नव्हं?’ बहिणीला उत्तर सुचलं नाही, मलाही.

वडिलांच्या पिढीत ‘नोकरी लागली’ म्हणायचे. माणूस कामाला लागतो, पण नोकरी माणसाला लागते, झाडाला फळ लागावं तशी. आणि ती लागली की रजा, बोनस, फंड हे सगळं न सांगता त्यात आलं असं धरायचे. ‘जॉब’ म्हटल्यावर यातलं काहीच कळत नाही. देशातल्या नोकऱ्या मोजताना आता त्यांच्या दर्जाविषयीही लिहिलं जातं, आणि त्याला ‘रोजगाराची गुणवत्ता’ म्हणतात. मला तो शब्द जवळचा वाटत नाही. गुणवत्ता म्हटलं की दहावीची यादी आठवते. चांगली नोकरी कोणती, हे आपल्या भागात लोक कोणत्या शब्दांत सांगतात?

कुपवाड

आमच्यात जॉब म्हणजे लेथच्या चकमध्ये धरलेला लोखंडाचा तुकडा. जॉब बांधायचा, टर्निंग करायचं, उतरवायचा, दुसरा बांधायचा. मापात बसला नाही तर रिजेक्ट. पोरं ‘जॉब करतो’ म्हणतात तेव्हा मला तो उतरवून ठेवलेला तुकडाच दिसतो.

दर्जाला आमच्याकडं शब्द नाही, प्रश्न आहेत. पहिला, ‘रोलवर हाय का ठेकेदाराकडं?’ दुसरा, ‘फंड कापतात का?’ पगारातनं कापलेलं एरवी कुणाला आवडेल? पण फंड कापला म्हणजे मालकालाही आपला वाटा भरावा लागतो, हे शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक असतं. म्हणून ‘कापतात’ ऐकून मुलीचा बाप खूश होतो. तिसरा प्रश्न खाड्याचा. रजा घेणारा आणि खाडा करणारा, दोघंही त्या दिवशी घरीच असतात. एकाचा दिवस भरतो, दुसऱ्याचा पडतो. तुमच्या भाच्याची रजा असते का खाडा, तेवढं विचारा. मग नोकरी का जॉब ते कळेल.

पाटण

‘बदली’ हा शब्द घ्या. सरकारी नोकराची बदली होते म्हणजे गाव बदलतं, नोकरी तशीच राहते. मुंबईच्या गिरणीत आजोबा ‘बदली’ होते. कुणी कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी त्या पाळीपुरतं काम. रोज गेटवर जाऊन उभं राहायचं, नाव पुकारलं तर आत. आमच्या तालुक्यातली अशी कितीतरी माणसं १९८२ च्या संपानंतर गावी परतली. आजोबांना कुणी ‘काय करत होता?’ विचारलं तर ‘गिरणीत नोकरी’ असं ते कधी म्हणाले नाहीत. ‘गिरणीत बदलीवर होतो’ म्हणायचे.

आणि ‘माथाडी’. माथ्यावर ओझं वाहणारा, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याच तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी या माणसांची संघटना बांधली. १९६९ साली कायदा झाला, मंडळं आली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, फंड आणि बोनसही. ओझं तेवढंच राहिलं, पण शब्दाला वजन आलं. आज ‘माथाडीत आहे’ हे सोयरिकीत अभिमानानं सांगतात. शब्द वर चढतात ते असे, कायद्याच्या आणि संघटनेच्या बळावर.

वाई

व्युत्पत्तीपुरतं थोडं. ‘नोकर’ फारसीतून आला, पण मूळ मंगोल भाषेतलं, अर्थ साथीदार. ‘कायम’ अरबी, अर्थ उभा असलेला. ‘पगार’ पोर्तुगीज.

पाटणकरांच्या म्हणण्याला ‘बिगारी’ची जोड देतो. बिगार म्हणजे बिनमोबदल्याचं सक्तीचं काम, वेठ. आज बांधकामावरचा बिगारी रोज घेतो आणि रोज परवडला नाही तर दुसऱ्या दिवशी येत नाही. म्हणजे हाही शब्द वर आला. खाली आला तो ‘नोकरी’. म्हणून तर पुढं ‘पर्मनंट’ जोडावं लागतं. पूर्वी ‘पर्मनंट नोकरी’ म्हणजे द्विरुक्तीच वाटली असती.

आष्टा

मी अंगणवाडीत आहे. मला पगार नाही, ‘मानधन’ आहे. ऐकायला किती चांगला शब्द! व्याख्यात्याला देतात ते मानधन. पण मी एका दिवसाचं व्याख्यान देत नाही, वर्षानुवर्षं रोज पोरं सांभाळते, वजनं घेते, रजिस्टरं भरते. वेतन म्हटलं असतं तर त्यामागून हक्क आले असते. मानधन म्हणून ते लांब ठेवले. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी या शब्दाच्या आत बघितलं.

आणखी एक. आमच्या शिवारात ऊसतोडीला बीडकडची जोडपी येतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. मुकादमाकडून उचल कोयत्यावर, हिशेबही कोयत्यावर. एकटा गडी असला तर ‘अर्धा कोयता’. त्या बाईची मजुरी वेगळी सांगायला शब्दच ठेवलेला नाही. दर्जा मोजायला निघालात तर तिला कुठल्या रकान्यात घालणार?

सांगली, गावभाग

आष्ट्याच्या ताईंचा प्रश्न मनात घेऊन सरकारी श्रमबल पाहणीतले रकाने बघितले. मुख्य तीन : स्वयंरोजगार, नियमित पगारी, रोजंदारी. २०१७-१८ मध्ये काम करणाऱ्यांतले २२.८ टक्के नियमित पगारी होते, २०२३-२४ मध्ये २१.७. स्वयंरोजगार ५२.२ वरून ५८.४ वर गेला. पण ‘स्वयंरोजगार’ या शब्दात दुकानाचा मालक आहे, पाव एकर कसणारा आहे आणि घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारी बायकामाणसंही आहेत. इतक्या वेगळ्या माणसांना एका शब्दात कोंबलं की आकडा वाढला ते चांगलं का वाईट, हे त्या शब्दावरून सांगताच येत नाही.

कुपवाडकरांनी सांगितलेले प्रश्न भाच्याला विचारले. तो म्हणाला, ‘मामा, फंड कापतात. खाडाच असतो. चार वर्षांत तीन ठेकेदार झाले, मशीन तेच.’ बायोडाट्यात ‘नोकरी’ असा रकाना छापलेलाच होता. बहिणीनं त्यापुढं लिहिलं : ठेकेदारामार्फत, फंड आहे. रविवारी ते लोक परत येणार आहेत.