आईला पहिल्यांदा पेन क्लिनिकला न्यायचंय, काय तयारी करू?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. आई ६९ वर्षांची, साताऱ्याला असते. चार महिन्यांपूर्वी उजव्या बरगडीवर नागीण उठली होती. फोड तीन आठवड्यांत वाळले, पण आग काही जाईना. ब्लाउजची शिवण घासली तरी कळवळते. पंख्याचा वारा सोसत नाही. रात्र रात्र उशी पोटाशी धरून बसून असते. आमच्या डॉक्टरांनी पुण्यातल्या एका पेन क्लिनिकसाठी चिठ्ठी दिलीय, पुढच्या गुरुवारी जायचंय. तिला मधुमेह आहे, शिवाय स्टेंट बसवल्यापासून रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. शेजारच्या काकूंनी 'तिथं मणक्यात सुई घालतात, पाय जातात' असं सांगितल्यापासून ती जायलाच तयार नाही. कुणाला अनुभव आहे का? काय न्यायचं, काय विचारायचं?

रानजाई:
माझ्या सासऱ्यांना सायटिकासाठी तीन वर्षं नेतेय. आईंना आधी सांगा की आमच्या पहिल्या भेटीत सुई दिसलीसुद्धा नाही. पाऊण तास नुसतं बोलणं आणि तपासणं.

गोळ्यांची यादी करत बसू नका, घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत भरून न्या. आम्ही तशी पिशवी टेबलावर उपडी केली आणि त्यातून एक अशी गोळी निघाली जी कुठल्याच चिठ्ठीवर नव्हती. बाबा वर्षभर मेडिकलमधून परस्पर आणून दिवसाला दोन-दोन घेत होते. डॉक्टरांनी लगेच क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी, करायला सांगितलं, ते वाढलेलं निघालं. असल्या दुखण्याच्या गोळ्या रोज घेतल्या तर मूत्रपिंडावर येतात, हे आम्हाला तोवर ठाऊकच नव्हतं. तेव्हा काढे, पुड्या, लावायची तेलं, काहीही लपवू नका.

औदुंबर:
मी भूलतज्ज्ञ आहे आणि वेदना विभागातच काम करतो. आपल्याकडची बरीचशी पेन क्लिनिकं भूलतज्ज्ञच चालवतात. या विषयाचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का, हे बेलाशक विचारा.

'खूप दुखतं' एवढ्यावर आमचं काम भागत नाही. आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत बघा: ठणका, कळ, सणक, भगभग, चटके, मुंग्या, रग. आम्हाला नेमके तेच हवे असतात. सूज, सांधा, स्नायू असेल तर माणूस बहुधा ठणका किंवा रग म्हणतो. आग, चटके, वीज चमकल्यासारखी सणक असं कुणी म्हणालं की आम्ही नसेचा विचार करतो. आणि तिथून उपचाराची वाटच बदलते, कारण नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या नसेच्या दुखण्यावर फारशा चालत नाहीत.

त्याऐवजी प्रीगाबालिन, गाबापेन्टिन किंवा अमिट्रिप्टिलिन यांसारखी औषधं देतात. नेटवर शोधलंत तर पहिली दोन फिटसाठी आणि तिसरं नैराश्यासाठी असं वाचाल. 'मला वेडी ठरवली का?' असं विचारत रुग्ण रडताना मी पाहिलेत. तसं नाही हो. तीच औषधं बेताच्या मात्रेत नसेची आग शांत करतात. मात्र गुंगी येते, तोल जातो. सुरुवातीच्या रात्री आई बाथरूमला उठल्या तर सोबत कुणीतरी असू द्या. आणि बरं वाटलं म्हणून गोळी एकदम बंद करायची नाही.

रक्त पातळ करायची गोळी मनानं थांबवू नका, स्टेंट आहे! ब्लॉक, म्हणजे नसेजवळ बधिर करणारं इंजेक्शन, द्यायचा ठरलाच तर हृदयाच्या डॉक्टरांचं मत लेखी घ्या. स्टेरॉइड दिलं तर काही दिवस साखर वाढते, ग्लुकोमीटर हाताशी ठेवा. सुई सी-आर्म (चालू एक्स-रे दाखवणारं यंत्र) किंवा सोनोग्राफीत बघत बघत घालतात. पाय जाण्यासारखी इजा फार क्वचित होते. पण 'धोका शून्य' असं मी कुणाला म्हणत नाही, तुम्हीही कुणाकडून ऐकून घेऊ नका. नीट समजल्याशिवाय सही करू नका. 'एका इंजेक्शनात कायमचं बरं' म्हणणाऱ्याकडे तर थांबूच नका.

कंबरदुखीवाले हा धागा वाचत असतील, त्यांच्यासाठी: पाय लुळा पडत चाललाय, लघवी-संडासवरचा ताबा सुटलाय किंवा जांघेत बधिर झालंय, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट मोठ्या रुग्णालयात जा. आणि एमआरआयमध्ये 'डिस्क बल्ज' (मणक्यांमधली गादी फुगलेली) लिहिलंय म्हणून हादरू नका. २०१५ साली छापून आलेल्या एका आढाव्यात, कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांतही विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के जणांना तो दिसला होता.

प्राजक्त७:
विम्याचं बघून ठेवा. साध्या पॉलिसीत ओपीडीची फी बहुधा मिळत नाही. ब्लॉक डे-केअरमध्ये (रात्रभर दाखल न होता होणाऱ्या उपचारांत) बसतो का, हे टीपीएला, म्हणजे विम्याचे दावे बघणाऱ्या कंपनीला, आधीच विचारा. आणि आईंना पुढून उघडणारा सैल सुती गाऊन घालून न्या, तपासताना अंगावरून कपडा ओढावा लागत नाही.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. जाऊन आलो त्याला तीन आठवडे झाले.

मीच सगळं सांगायला लागलो तर डॉक्टर म्हणाल्या, "थांबा, त्यांना बोलू द्या." आई जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब कसा पळतो, तसं आत पळतं." त्यांनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं. मग कापसाची वात बरगडीवरून हलकेच फिरवली, कुठून कुठवर झोंबतं ते पेनानं आखलं. शून्य ते दहात किती, तर आई म्हणाली आठ. किती झालं तर चालेल, तर म्हणाली, "आकडा राहू द्या, कुशीवर झोपता आलं पाहिजे." तेच ध्येय म्हणून फाइलवर लिहिलंय.

सुई नाही. रात्री एक लहान मात्रेची गोळी आणि लिडोकेनचा पॅच (जागा बधिर करणारी चिकटपट्टी), १२ तास लावायचा, १२ तास काढायचा. नागिणीची लस २०२३ पासून भारतात मिळते, पन्नाशीपुढच्यांना दोन डोस, म्हणून बाबांसाठीही विचारून घेतलं.

आकडा आता पाचवर आहे. परवा रात्री तिनं पंखा एकवर लावू दिला. सकाळी जड जड वाटतं म्हणत होती, फोन करून विचारलं तर गोळी झोपताना न देता रात्री आठलाच द्यायला सांगितलीय. पुढची तारीख १८ आहे.