मदत हवी आहे: भारतात परतताना दान केलेल्या सामानावर अमेरिकेत करवजावट मिळते का?

नमस्कार मंडळी,

अकरा वर्षांचा न्यू जर्सीतला संसार आवरून आम्ही या ऑगस्टमध्ये (२०२५) पुण्याला कायमचे परत चाललोय. दोघेही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, घर भाड्याचं. कंटेनर मागवावा इतकं सामान नाही आणि कचऱ्यात टाकावं इतकं जुनंही नाही, म्हणून दान करायचं ठरवलं.

परवा पहिली खेप जवळच्या एका धर्मादाय थ्रिफ्ट (जुन्या वस्तू विकणाऱ्या) दुकानात नेली. कपड्यांच्या सात पिशव्या, लेकीची सायकल, दोन हिवाळी कोट आणि तिच्या बारशाला आलेला, खोकंही न उघडलेला डिनर सेट. मागच्या दाराशी उभ्या मुलाने पिशव्या न मोजताच ढकलगाडीत टाकल्या आणि गठ्ठ्यातली एक चिठ्ठी फाडून दिली. वर संस्थेचं नाव नि तारीख, खाली ‘वस्तू’ आणि ‘किंमत’ असे दोन रकाने. दोन्ही कोरे! विचारलं, तर म्हणाला, तुम्हीच भरा.

आता घरी वाद पेटलाय. नवऱ्याचं म्हणणं, सोफा अकराशे डॉलरला घेतला होता, निम्मे तरी धरू. मला ते पचत नाहीये. शिवाय कुकर, तवे, मसाल्याचे डबे नुकत्याच आलेल्या तीन मराठी विद्यार्थ्यांना दिले, त्याचं काही होतं का? आणि आमची २००९ची कॅमरी गाडी विकावी की दान करावी? जाणकारांनी कृपया सांगा.

– सुपारी

---

जमाखर्च: सुपारीताई, कुकर विसरा. एखाद्या व्यक्तीला दिलेलं दान पुण्यात जमा होतं, शेड्यूल ए मध्ये (रिटर्नला जोडायच्या वजावटींच्या यादीत) नाही. घेणारी संस्था ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, किंवा तत्सम पात्र हवी. आयआरएसच्या (अमेरिकेच्या आयकर खात्याच्या) साइटवर नाव टाकून शोधता येतं. आपलं मंडळ किंवा देऊळ असलं तरी एकदा बघून घ्या.

पण मुळात तुम्ही आयटमाइझ करता का, म्हणजे एकेक वजावट वेगळी मांडता का? तसं न करणाऱ्यांना सरसकट ठरावीक वजावट मिळते, ती स्टँडर्ड डिडक्शन. २०२५ साठी जोडप्याची ती ३१,५०० डॉलर आहे. भाड्याचं घर म्हणजे मॉर्गेजचं व्याज नाही, प्रॉपर्टी टॅक्स नाही. राज्याचा आयकर आणि दान मिळून एवढा आकडा गाठणं अवघड. नाही गाठला, तर त्या चिठ्ठीचा बुकमार्क करा.

खलबत्ता: अकराशेचे निम्मे कशाच्या आधारावर? खरेदीची किंमत इथे चालत नाही, आजचा बाजारभाव चालतो. म्हणजे तोच सोफा त्याच थ्रिफ्ट दुकानात आज कितीला जाईल, तेवढाच. साल्व्हेशन आर्मी ही धर्मादाय संस्था वस्तूंच्या किमतींचा एक तक्ता देते, त्यात किमान-कमाल भाव असतात. तो बघून यजमानांना पाणी द्या.

बाकी नियम असे, की कपडे आणि घरगुती सामान ‘चांगल्या वापरण्याजोग्या’ अवस्थेत हवं. ही अट २००६च्या कायद्याने आली. एका वेळचं दान २५० डॉलर किंवा जास्त असेल, तर संस्थेची लेखी पोच लागते आणि त्यात बदल्यात काही मिळालं की नाही हेही लिहिलेलं हवं. ती रिटर्न भरण्याआधी हातात पाहिजे. वस्तुरूप दानाची वर्षभराची वजावट ५०० च्या वर गेली की फॉर्म ८२८३ जोडायचा. वस्तू कधी दिली, कशी मिळाली होती, आजची किंमत कशावरून ठरवली, सगळं विचारतात. एकाच प्रकारच्या वस्तू मिळून ५,००० च्या वर गेल्या तर मूल्यांकन करणारा गाठावा लागतो, पण तुमच्याकडे तेवढं नसावं.

अवांतर: बिल क्लिंटन अर्कान्सॉचे गव्हर्नर असताना त्यांनी वापरलेल्या अंडरवेअर दान करून त्या रिटर्नमध्ये धरल्या होत्या, नगाला दोन डॉलरप्रमाणे. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर लोकांनी ते उकरून काढलं.

बोचकं: जमाखर्च, थांबा जरा. हे लोक वर्षाच्या मध्यात देश सोडतायत. राहिलेल्या महिन्यांत त्यांचं बस्तान भारतात आहे असं निवेदन आयआरएसला दिलं, तर त्यांची करापुरती रेसिडेन्सी (रहिवासी दर्जा) ऑगस्टमध्ये संपते आणि रिटर्न ड्युअल-स्टेटस होतं, म्हणजे अर्धं वर्ष रहिवासी, अर्धं अनिवासी. त्यात स्टँडर्ड डिडक्शन मिळतच नाही! मग आयटमाइझ करण्यावाचून गत्यंतर नाही आणि पिशव्यांच्या चिठ्ठ्यांना एकदम भाव येतो. निवेदन दिलं नाही, तर ३१ डिसेंबरपर्यंत रेसिडेंट धरणार, ३१,५०० मिळणार, पण पुण्यातला पगारही अमेरिकेच्या रिटर्नमध्ये दाखवावा लागणार. ड्युअल-स्टेटसमध्ये जोडप्याचं एकत्र रिटर्नही सहसा भरता येत नाही. कुठलं परवडतं, ते दोन्ही गणितं मांडल्याशिवाय कळणार नाही. त्यासाठी सीपीएला (तिथल्या सीएला) पैसे द्या, बाकी सगळं घरी होईल.

कॅमरीबद्दल: संस्थेने गाडी लिलावात विकली आणि ५०० डॉलरपेक्षा जास्त आले, तर जेवढे आले तेवढीच वजावट. त्यासाठी संस्थेकडून फॉर्म १०९८-सी घ्यायचा. गाडी धड चालत असेल तर स्वतः विकून रोख घ्या, असं माझं मत.

कोथरूडची मावशी: पुण्याला आल्यावर ही सवय मोडा हो. इथे दानावरची करवजावट (८०जी) फक्त पैशाला. कपडे, भांडी, धान्य दिलं तर काही नाही. रोख दोन हजारांच्या वर दिली तरी नाही. आणि नवी करप्रणाली घेतली तर ८०जी विसराच. आमच्याकडे जुन्या कपड्यांवर भांडी मिळायची, तीच काय ती वजावट.

सुपारी: सगळ्यांचे आभार. ड्युअल-स्टेटस हा शब्द आज पहिल्यांदा ऐकला, उद्याच सीपीएची वेळ घेते. सोफा मात्र सकाळीच गेला, फोटो न काढता. नवऱ्याने फोनमध्ये शोधाशोध केल्यावर लेकीच्या पाचव्या वाढदिवसाचा एक फोटो सापडलाय. त्यात सोफा दिसतो, पण त्यावर सहा मुलं आणि केक आहे. चालेल का?

खलबत्ता: ठेवून द्या. फक्त केक सोफ्यावर सांडलेला दिसत नाहीये ना, ते बघा.