मदत हवी आहे: टेम्परेचरचा काटा धाडकन खाली येतो, रेडिएटरचा फॅन थांबतच नाही

नमस्कार मंडळी,

गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. रोजचा रस्ता भांडुप ते बीकेसी, म्हणजे एलबीएस रोडवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणं. पाऊस सुरू झाल्यापासून हा ताप मागे लागलाय. चालत्या गाडीत टेम्परेचरचा काटा मध्यावरून एकदम खाली येतो, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि फॅन फुल स्पीडने फिरायला लागतो. सकाळी थंडगार इंजिनाला चावी फिरवली तरी आधी फॅन सुरू! अ‍ॅव्हरेज पडलंय, सायलेन्सरला पेट्रोलचा वास येतो. गाडी तापलीय असं मात्र एकदाही झालेलं नाही, बाटलीतल्या कूलंटची पातळीही जिथल्या तिथे आहे.

गॅरेजवाल्याने कूलंट टेम्परेचर सेन्सर बदलला. थोडे दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. आता तो म्हणतो थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघड-बंद करणारा व्हॉल्व्ह), वॉटर बॉडी (कूलंटचा पंप), रेडिएटर सगळंच बदलू. खर्चाचा आकडा ऐकून गाडी घेऊन घरी आलो.

ब्लूटूथचा ओबीडी डोंगल (गाडीचे फॉल्ट कोड वाचणारा प्लग) लावून मोबाइलवर पाहिलं. कोड पी०११८, म्हणजे कूलंट सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. कूलंट ८९ अंश दिसत असतं आणि पुढच्या क्षणाला थेट उणे ४०. भांडुपमध्ये! गाडी खड्ड्यात आदळली की हे हमखास होतं, आणि खड्ड्यांची आपल्याकडे काय कमी.

गणपतीला आई-बाबांना घेऊन चिपळूणला जायचंय. रेडिएटरला हात लावण्याआधी काय तपासू? मल्टीमीटर आहे, वापरता येतो.

प्रतिसाद १

रेडिएटर बदलू नका. कूलंट क्षणात एवढं थंड होणं शक्यच नाही, सर्किट कुठेतरी तुटतंय. सेन्सरमध्ये थर्मिस्टर असतो. तो तापला की त्याचा रोध घटतो, थंड झाला की वाढतो. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ५ व्होल्ट सोडून तो रोध वाचतो. वायर तुटली की रोध अनंत, म्हणजे ईसीयूच्या हिशेबी कडाक्याची थंडी. म्हणून पेट्रोल जास्त सोडलं जातं, आणि खरं तापमान कळत नाही म्हणून खबरदारीसाठी फॅन चालू ठेवला जातो. थर्मोस्टॅट उघडा अडकला असता तर काटा हळूहळू उतरला असता आणि कोड बहुधा पी०१२८ (इंजिन पुरेसं तापत नाही) आला असता.

इंजिन थंड असताना सेन्सरचा कपलर (वायरींचा प्लग) काढा. सेन्सरच्या पिनांमध्ये आपल्या हवेत साधारण दीड ते अडीच हजार ओम यायला हवेत, गरम इंजिनाला दोनशे-चारशेच्या आसपास. तेवढे आले तर सेन्सरचा नाद सोडा. मग इग्निशन ऑन करून, मीटरची काळी वायर बॅटरीच्या मायनसला लावून, कपलरच्या एका वायरवर ५ व्होल्ट येतात का बघा. शेवटी कपलरच्या दोन्ही पिना वायरच्या तुकड्याने एकमेकींना जोडा. मोबाइलवरचा आकडा एकदम शंभरच्या बराच वर उडायला हवा. नाही उडाला तर कपलर आणि ईसीयूच्या मध्ये वायर गेलीय. हे फक्त दोन पिनांच्या सेन्सरवरच करा हं. काही गाड्यांत काट्यासाठी वेगळ्या पिना असतात, तिथे जोडाजोडी नको.

प्रतिसाद २

उंदीर! उघड्यावर पार्किंग असेल तर पावसाळ्यात बॉनेटखाली मुक्कामालाच येतात. बॅटरीच्या ट्रेखालची वायरिंगची टेप सोलून बघा. माझ्या गाडीचं असंच झालं होतं.

धागाकर्ता

सेन्सर १९०० ओम, ठीक आहे. ५ व्होल्टही आले. पण पिना जोडल्या तरी आकडा उणे ४० वरून हलत नाही. म्हणजे अर्थची वायर ना?

प्रतिसाद १

हो, तीच. ५ व्होल्ट येतायत म्हणजे सिग्नलची वायर शाबूत. दुसरी कपलरपासून हाताने चाचपत जा. मोबाइल समोर ठेवा आणि पिना जोडलेल्याच असू द्या. वायर हलवताना आकडा जिथे उडेल तिथेच दोष.

धागाकर्ता

सापडली. बॅटरी ट्रेच्या क्लिपपाशी कुरतडलेली, तांब्याचे दोनच धागे उरलेले आणि तेही हिरवे पडलेले. प्रतिसाद २ वाल्यांना मोदक! वायरमनने नवा तुकडा सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली. कोड पुसला, परत आला नाही. आता एलबीएसच्या ट्रॅफिकमध्ये ८८ ते ९६ च्या दरम्यान असतं, फॅन लागतो आणि आपोआप बंदही होतो.

एकच शंका. सेन्सर बदलताना गॅरेजवाल्याने वरून नळाचं पाणी घातलं होतं. चिपळूणपर्यंत चालेल का?

प्रतिसाद १

जाऊन याल, पण नंतर आत गंज धरेल. कूलंटचा रंग फिका पडला असेल तर निघण्याआधी सगळं काढून टाका आणि कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. डब्यावर ‘रेडी टू यूज’ असेल तर पाणी अजिबात मिसळू नका. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. भरल्यावर हीटर फुल गरमवर ठेवून फॅन लागेपर्यंत इंजिन चालू द्या, आत अडकलेली हवा निघते. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी बघा, थोडी उतरलेली असेल, तेवढी भरून घ्या.