विषय: हॉस्पिटलचं वारली चित्र – कुठे लावायचं आणि पाटीवर काय लिहायचं

प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी,

आपल्या मंडळातर्फे इथल्या हॉस्पिटलला भेट द्यायला डहाणूहून मागवलेलं चित्र अखेर कस्टममधून सुटलं. कापडावर गेरू, त्यावर पांढऱ्या रंगात तारपा नाच: मध्ये तारपा हे फुंकवाद्य वाजवणारा, भोवती नाचणाऱ्यांचं वेटोळं. चार फूट बाय अडीच. काल माझ्या जेवणाच्या टेबलावर उलगडलं तेव्हा घरातले सगळे दोन मिनिटं गप्प होते, आमच्या घरात हे क्वचित घडतं.

आता दोन गोष्टी ठरवायच्या आहेत. कार्यकारिणीचं मत आहे की चित्र लॉबीत, रिसेप्शनच्या मागे लावावं. खालच्या पितळी पाटीचा मजकूर सोबत जोडला आहे (सहा ओळी आहेत, रागावू नका). रविवारपर्यंत कळवा.

— सचिव

प्रेषक: भाऊ

सहा ओळी वाचल्या. त्यात अध्यक्ष, माजी अध्यक्ष, खजिनदार, सगळे आहेत. रुग्णाला वाटेल हेच वॉर्डबॉय.

मी बैठकीत बोललो होतो, पुन्हा बोलतो. एवढ्या पैशांत दोन व्हीलचेअर आल्या असत्या. लहानपणी टायफॉइडने तीन आठवडे सरकारी दवाखान्यात पडून होतो. समोरच्या भिंतीवर ओठांवर बोट ठेवलेल्या नर्सचं चित्र, ‘शांतता राखा’. त्या चित्राने मी बरा झालो नाही, गप्प तेवढा झालो. चित्राने माणूस बरा होतो याला पुरावा काय?

— भाऊ

प्रेषक: डॉक्टर

भाऊ, प्रश्न रास्त आहे. चित्राने पित्ताशय बरं होत नाही, ते आम्ही काढतो.

पण पित्ताशयाचीच गोष्ट सांगतो, आणि ती आपल्याच पेनसिल्व्हेनियातली आहे. रॉजर उलरिच या संशोधकांनी इथल्या उपनगरातल्या एका हॉस्पिटलचे 1972 ते 1981 मधले कागद चाळले. पित्ताशय काढलेले 46 रुग्ण, एकमेकांशी जुळणाऱ्या 23 जोड्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसायची, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची तपकिरी भिंत. झाडंवाले थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची कडक औषधं कमी लागली. 1984 साली हे ‘सायन्स’ या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं. अभ्यास लहान आहे आणि तो खिडकीचा आहे, चित्राचा नाही, हेही सांगायला हवं.

चित्रांचा प्रयोग त्यांनीच पुढे स्वीडनमध्ये उप्सालाला केला, हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या 160 जणांवर. झाडं-पाण्याचं चित्र समोर असलेल्यांची धास्ती कमी होती. काटकोनी अमूर्त आकार समोर असलेल्यांची मात्र कोऱ्या भिंतीपेक्षाही जास्त! म्हणजे चित्राने अपायही होऊ शकतो. दान दिलं म्हणून ते चांगलंच असं नाही.

आणि व्हीलचेअरचे पैसे की चित्र, याबद्दल एक गंमत. 1801 साली फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलने बेंजामिन वेस्ट या चित्रकाराकडे देणगी मागितली. तो मूळचा इथलाच, लंडनला जाऊन मोठा झालेला. त्याने पैशांऐवजी चित्र कबूल केलं, येशू आजाऱ्यांना बरं करतोय असं. काढलं, तर ते लंडनमध्येच 3000 गिनींना विकलं गेलं. मग दुसरं काढलं, ते 1817 साली इथे पोचलं. हॉस्पिटलने तिकीट लावून ते दाखवलं आणि चांगली कमाई केली. (आपलं चित्र सोळा वर्षांच्या आत आलं, सचिवांचं अभिनंदन.)

— डॉक्टर

प्रेषक: भाऊ

काटकोनी आकार वाईट, मग वारलीतले त्रिकोण चालतात का? वाद घालत नाही, खरंच विचारतोय.

— भाऊ

प्रेषक: माई

भाऊंना उत्तर द्यायला उशीर झाला, कारण आधी बघून आले.

तीस वर्षं नर्स होते, आता मंगळवारी केमोच्या खोलीत ब्लँकेटं आणि सरबत वाटते. सचिवांनी पाठवलेला फोटो टॅबवर तिथे चार-पाच जणांना दाखवला, त्यांना विचारून. एका गृहस्थांनी मान फिरवली, त्यांना मळमळत होतं. एका आजींनी मात्र टॅब परत दिलाच नाही. बोटाने त्या वेटोळ्यावरून फिरत नाचणारी माणसं मोजायला लागल्या. मध्येच मोजणी चुकली की पुन्हा तारपावाल्यापासून सुरुवात. त्यांची नस सापडत नाही, सुई दोन-तीनदा टोचावी लागते. परवा ती टोचून झाली तरी त्या मोजतच होत्या. भाऊ, त्रिकोण आहेत खरे, पण त्यांना हातपाय आहेत, त्यांच्यात कोंबड्या फिरताहेत, कडेला ताडाचं झाड आहे.

म्हणून माझं म्हणणं, लॉबी नको. लॉबीत माणूस इन्शुरन्सचं कार्ड शोधत असतो. केमोच्या खोलीत तो तीन-तीन तास खुर्चीला बांधलेला असतो. आणि कृपा करून उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर लावू नका. रुग्ण रेललेला असतो, चित्र खाली हवं आणि समोर हवं. उशामागे लावलेलं चित्र फक्त भेटायला येणाऱ्यांना दिसतं.

काच लावू देणार नाहीत. अॅक्रिलिकची शीट लागेल, तीही चकाकी न मारणारी, नाहीतर रुग्णाला नाच दिसायच्या ऐवजी ट्यूबलाइट दिसेल. फ्रेम जंतुनाशकाने पुसता आली पाहिजे. उघडं कापड संसर्ग विभाग परत पाठवेल.

शेवटचं. सहा ओळींत काढणाऱ्याचं नाव कुठे आहे? वारली चित्रं पूर्वी लग्नघरात सवाशिणी भिंतीवर काढायच्या, खाली नाव कुणाचंच नसायचं. जिव्या सोमा म्हसेंनी ती कागदावर आणली, 2011 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे लोकांना कळलं की यामागे नावाची माणसं असतात. आपण पुन्हा मागे जायचं का?

— माई

प्रेषक: भाऊ

व्हीलचेअरचा मुद्दा मागे घेत नाही, पुढच्या वर्षी मांडीन. अॅक्रिलिक शीटचे पैसे माझ्याकडून. पाटीवर माझं नाव नको.

— भाऊ

प्रेषक: सचिव

पाटी दोन ओळींची: वर चित्रकाराचं नाव आणि गाव, खाली मंडळाचं. माजी अध्यक्षांचा फोन येऊन गेला, त्यांना मी समजावलं (पाऊण तास).

गुरुवारी दुपारी दोनला माई, भाऊ आणि मी माप घ्यायला जातोय. भाऊ, मेजर टेप तुमचा आणा, माझा इंचांचा भाग पुसला गेलाय. माई, खुर्चीत तुम्ही रेलून बसा, आम्ही भिंतीवर खूण करू.

ता. क. काल रात्री मीही मोजली. एकदा सत्तावन्न आली, एकदा अठ्ठावन्न. आजींची किती झाली?

— सचिव