वाघ सोडून बोला : विदर्भातले डोंगर आणि तळी

विदर्भात फिरून आलो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला : वाघ दिसला का? या धाग्यात तो विचारायचा नाही. मेळघाटचा घाट, गोंदिया-भंडाऱ्याचे तलाव, लोणारचं विवर. पायी गेलात की एसटीनं, स्वतः पाहिलं ते लिहा. 'निसर्गाच्या कुशीत' वगैरे कृपया नको.

परतवाड्याहून
पावसाळ्यात चिखलदऱ्याला रविवारी जाऊ नका भाऊ. भीमकुंडापाशी पाण्यापेक्षा हॉर्नचाच आवाज जास्त. मी मधल्या वारी सायकल काढतो. धामणगाव गढी सोडली की चढ लागतो. वर, साधारण 1,100 मीटरवर, अंगावरचा घाम गार पडतो. तिथून गाविलगड. धुकं असलं की तट दिसतच नाही, अन् एकदम दरवाजावरचे गंडभेरुंड, म्हणजे दोन डोक्यांचे कोरीव पक्षी, समोर येतात. किल्ल्याच्या बाकी बाजूंना कडे आहेत. पठाराशी जोड फक्त उत्तरेकडून. म्हणूनच डिसेंबर 1803 मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीच्या हाताखालच्या स्टीव्हन्सननं तोफा डोंगरांतून फिरवून त्याच बाजूला ओढत आणल्या. त्या तटावर उभं राहिलं की ही लढाई पुस्तकाविना समजते. शेवाळ मात्र भयंकर. चपला घालून येणाऱ्यांना मी लांबूनच हात जोडतो.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातून
आमच्या नवेगावबांधला लोक 'नैसर्गिक तलाव' म्हणतात तेव्हा राग येतो. कोहळी लोकांनी पाळ घालून अडवलेलं पाणी आहे हे. कोलू पाटलानं बांधला, असं गावात सांगतात. थंडीत पहाटे पाळीवर बसा. वारकरी पक्ष्यांचे थवे दिसतील. नशीब असेल तर पट्टकदंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेला हंसही. आसपासच्या मालगुजारी तलावांत, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातल्या तळ्यांत, मात्र बेशरम नावाची झुडपं माजली आहेत. ती जिथं ढिवर (मासेमार) बांधवांनी उपटली, तिथं मासळी अन् पाखरं दोन्ही परतली, असं त्यांच्याचकडून ऐकलंय. जाल तर त्यांच्याशी बोला, गाइडपेक्षा जास्त कळेल.

अकोल्याहून
बुद्धपौर्णिमेला मेळघाटात मचाणावर बसलो होतो. रात्रभर पाणवठ्यावर नजर, बोलणं बंद. मध्यरात्रीनंतर अस्वल आलं, पाणी पिताना त्याचा फुरफुर आवाज होतो. नंतर साळिंदर, काट्यांची खुळखुळ आधी अन् जनावर मागून. शिदोरी कापडात बांधून न्या; प्लास्टिकची पिशवी उघडली की सगळं रान सावध होतं. अत्तर, पांढरा शर्ट, दोन्ही घरी ठेवा.

मेहकरहून
लोणार. काठावरून फोटो काढून परतणारे फार. खाली उतरा, झाडीत मोर आहेत, पडकी देवळं आहेत. पाणी खारं अन् वास उग्र. जून 2020 मध्ये ते गुलाबी झालं तेव्हा गर्दी उसळली होती. एरवी सकाळी शांत असतं.

वर्ध्याहून
आईला घेऊन जायचंय. गुडघे दुखतात तिचे. यातलं कुठलं जमेल?

परतवाड्याहून
ताई, चिखलदरा. गाडी पॉइंटापर्यंत जाते. गाविलगड काकूंना लांबूनच दाखवा, अन् रबडी मात्र चुकवू नका. कॉफीचे मळेही दाखवा, महाराष्ट्रात दुसरीकडे सहसा दिसत नाहीत. दिवाळीनंतर या, धुकं कमी अन् रस्ता कोरडा. लोणारच्या पायऱ्या त्यांना नकोत.